टेबल उंच, खुर्ची बुटकी: कॉम्प्युटरवर काम करायची बैठक मापाने कशी लावावी

मान आखडली की मॉनिटरखाली पुस्तकं रचली जातात. कंबर भरून आली की पाठीशी उशी येते. मनगट दुखायला लागलं की जेलची पट्टी येते. प्रत्येक दुखण्याला वेगळा उपाय होतो, तरी संध्याकाळी अंग मोडून आलेलंच असतं. या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी बऱ्याचदा एकच गोष्ट असते आणि ती कुणी मोजून पाहत नाही. टेबल बसणाऱ्याच्या मानाने उंच असतं.

तयार टेबलं साधारण ७२ ते ७५ सेंटीमीटर उंच असतात. ही उंची हाताने लिहिण्याला चालून जाते, कारण लिहिताना आपण कोपर टेबलावर टेकवतो. कीबोर्डवर बोटं चालवायची असतील तर हिशेब बदलतो. टाइपरायटरच्या काळात टंकलेखनाची टेबलं लिहिण्याच्या टेबलापेक्षा मुद्दाम बुटकी बनवत. कॉम्प्युटर आला आणि तो सरळ लिहिण्याच्या टेबलावर जाऊन बसला.

१६० सेंमी उंचीच्या व्यक्तीचं उदाहरण घ्या. पाय जमिनीला नीट टेकवून बसल्यावर खुर्चीची बैठक जमिनीपासून सुमारे ४२ सेंमीवर येते. तिथून कोपर आणखी २२-२३ सेंमी वर. म्हणजे कोपर जमिनीपासून ६५ सेंमीच्या आसपास. समोरचं टेबल ७४ सेंमीचं आणि त्यावर कीबोर्डची दोन सेंमी जाडी. बोटं कोपरापेक्षा ११ सेंमी उंच जागी चालवायची! त्यासाठी खांदे वर उचलले जातात, कोपरं अंगापासून बाहेर फेकली जातात, मनगटाचा खालचा भाग टेबलाच्या कडेवर दाबला जातो. थोड्या वेळाने खांदे थकतात, मग माणूस खुर्चीच्या पुढच्या कडेवर सरकून हात टेबलावर ठेवतो. पाठीचा आधार सुटतो, कंबर गोल होते, डोकं पुढे येतं. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो. ते मानेवर तोललेलं असतं तोवर जड लागत नाही, पुढे झुकलं की मागच्या स्नायूंना ते दिवसभर धरून ठेवावं लागतं. मान, कंबर आणि मनगट अशी तीन दुखणी एका मापामुळे मागे लागतात.

म्हणून सुरुवात कोपरापासून करायची.

दोन मापं घ्या

मोजपट्टी आणि मदतीला एक माणूस, एवढंच लागतं. कामाच्या वेळी पायात जे असतं तेच घाला आणि आपल्या नेहमीच्याच खुर्चीवर बसा. पाच मिनिटं बसून मग मोजा, कारण गादी वजनाने दबते आणि बसल्याबसल्या घेतलेलं माप खोटं निघतं. तळवे पूर्ण जमिनीला टेकलेले हवेत, मांड्या जमिनीला समांतर किंवा गुडघ्याकडे किंचित उतरत्या. या स्थितीत खुर्चीची उंची लिहून ठेवा. आता दंड अंगालगत सैल सोडा, कोपरात हात काटकोनात वळवा आणि मदतनिसाला जमिनीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंत मोजायला सांगा. खांदे वर खेचले जात नाहीत ना, हे त्यानेच पाहायचं, आपल्याला ते कळत नाही.

दुसरं माप म्हणजे जमिनीपासून टेबलाच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची.

टेबलाची योग्य उंची म्हणजे कोपराची उंची वजा दोन ते तीन सेंमी. हे दोन-तीन सेंमी कीबोर्डच्या जाडीचे. कळा कोपराच्या पातळीवर किंवा बोटभर खाली आल्या की माप जुळलं. तयार टेबल जसंच्या तसं जुळलं, तर बसणारी व्यक्ती बहुधा १८० सेंमीच्या आसपास उंच असते. बाकीच्यांचा फरक ५ ते १२ सेंमी निघतो आणि तो कसा भरून काढायचा हाच खरा प्रश्न आहे.

फरक भरून काढणे

सगळ्यात चांगला उपाय टेबल खाली आणण्याचा. काही टेबलांच्या पायांना फिरवून उंची बदलायचे स्क्रू असतात, पण त्यांनी एक-दोन सेंमीच मिळतात. लाकडी पाय सुताराकडून कापून घेता येतात. चारही पाय एकाच मापाने आणि एकाच वेळी कापा, आणि हव्या त्या मापापेक्षा एक सेंमी कमीच कापा. कापलेलं परत जोडता येत नाही, आणि टेबल थोडं उंच राहिलं तर खुर्ची तेवढी उचलता येते.

टेबलाखाली सरकणारा कीबोर्ड ट्रे लावला तर सहा-आठ सेंमी मिळतात. घेण्याआधी दोन गोष्टी पाहा. ट्रे आणि मांडी यांच्यात किमान दोन-तीन सेंमी मोकळी जागा उरते का, आणि कीबोर्डशेजारी माऊसही ट्रेवरच मावतो का? कीबोर्ड खाली आणि माऊस वर टेबलावर अशी विभागणी झाली, तर उजवा खांदा आधीपेक्षा जास्त दुखतो. पातळ पत्र्याचे ट्रे टाइप करताना हलतात आणि मग बोटं नकळत जोर लावतात.

टेबलाला हात लावता येत नसेल, आणि ऑफिसात बहुधा तेच असतं, तर खुर्ची वर घ्या. वरच्या उदाहरणात अकरा-बारा सेंमी. आता पाय अधांतरी झाले, त्यामुळे जेवढी खुर्ची उचलली तेवढ्याच उंचीचा फूटरेस्ट पायाखाली हवा. हा दुसरा अर्धा भाग लोक सोडून देतात आणि मग म्हणतात, खुर्ची उंच केली तर पाय सुजले. पाय लोंबकळत राहिले की बैठकीची पुढची कड मांडीखाली रुतते, पावलांना मुंग्या येतात आणि माणूस टेकायला जमीन शोधत पुढे सरकतो. म्हणजे कंबर पुन्हा आधार सोडते.

फूटरेस्ट रुंदीला ४५ आणि खोलीला ३० सेंमीपेक्षा लहान नको. दोन्ही पावलं मावून ती इकडेतिकडे हलवता आली पाहिजेत. उतार अगदी थोडा, तोही समोरच्या बाजूला चढणारा. खाली रबर लावलेलं असावं. पुस्तकांचा गठ्ठा किंवा पुठ्ठ्याचा खोका चार दिवस चालतो, पुढे घसरतो किंवा दबतो. आणि खुर्चीच्या पंचकोनी पायावर पावलं टेकवायची सवय असेल तर ती सोडा. त्यात गुडघे फार दुमडतात, ओटीपोट मागे कलतं आणि कमरेची कमान सपाट होते.

उंच माणसांचं उलटं असतं. त्यांच्या मांड्या टेबलाच्या आडव्या पट्टीला अडतात. टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे द्या, पण ठोकळ्याला वरून एक-दोन सेंमी खोल खाच पाडून पाय त्यात बसवा, म्हणजे टेबल ढकललं गेलं तरी घसरणार नाही.

खुर्ची

उंची ठरली. आता आधी मागे सरका, ढुंगण बैठक आणि पाठ यांच्या कोपऱ्यात पूर्ण जाईपर्यंत. खुर्चीची बाकीची सगळी मापं या स्थितीतच लावायची.

गुडघ्यामागची खोबण आणि बैठकीची पुढची कड यांच्यात दोन-तीन बोटं जाण्याएवढं अंतर हवं. बैठक पुढे-मागे सरकवायची कळ असेल तर ती वापरा. नसेल आणि बैठक खोल असेल, तर बुटक्या माणसापुढे दोनच पर्याय उरतात: पाठ टेकवून गुडघ्यामागे कड रुतू द्यायची, नाहीतर पुढे बसून पाठ सोडायची. दोन्ही वाईट. अशा वेळी पाठीमागे पाच ते आठ सेंमी जाडीची घट्ट उशी पूर्ण उंचीची लावा. मऊ उशी नको, ती तासाभरात चपटी होते.

कमरेचा आधार पट्ट्याच्या रेषेच्या किंचित वर यायला हवा, बैठकीपासून साधारण १५ ते २५ सेंमीच्या पट्ट्यात. बहुतेक खुर्च्यांत तो वर राहिलेला असतो आणि बरगड्यांना ढकलतो. त्यामुळे माणूस पुढे रेटला जातो आणि "हा आधार टोचतो" म्हणून तो काढूनच टाकतो. आधार नक्की कुठे हवा हे शोधायला एक टॉवेल गुंडाळा आणि कमरेच्या कमानीत वर-खाली सरकवून पाहा. जिथे श्वास मोकळा होतो आणि खांदे आपोआप मागे पडतात ती जागा खरी. कमानीतली पोकळी भरली की बस. त्यापुढे कमरेला ढकलणारा आधार स्नायूंना उलट ताण देतो.

आता पाठीचा कोन. चित्रांमध्ये कंबर, गुडघा आणि घोटा अशा तिन्ही ठिकाणी काटकोन दाखवतात आणि लोक काटकोनात ताठ बसायला जातात. दहा मिनिटांत पाठ गळते, कारण तसं बसणं स्नायूंच्या जोरावर चालतं. खुर्चीची पाठ १०० ते ११० अंशांवर, म्हणजे काटकोनापेक्षा थोडी मागे ठेवा. स्वीडिश अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून आतला दाब प्रत्यक्ष मोजला. त्या कामातून आणि पुढच्या मोजमापांतून हे स्पष्ट झालं की बसल्या बसल्या पुढे वाकलं की चकतीवरचा दाब वाढतो आणि पाठ टेकवून मागे रेललं की उतरतो. धडाचं काही वजन खुर्चीची पाठ उचलते, त्याचाच हा परिणाम.

बैठकीखाली एक मोठी गोल कळ असते, तिने मागे झुकण्याचा ताण कमी-जास्त होतो. ती बहुतेकांनी कधीच फिरवलेली नसते. फिरवा. हलकंसं रेलल्यावर खुर्ची सोबत यावी आणि सोडल्यावर हळूच पुढे आणावी. पायाने रेटावं लागत असेल तर ताण जास्त आहे, एकदम मागे पडायला होत असेल तर कमी. ताण जमला की झुकण्याचं लॉक उघडंच ठेवा, म्हणजे दिवसभर कोन आपोआप बदलत राहतो.

खुर्चीचे हात कोपराला नुसते लागतील इतके उंच ठेवा. ते खांदे वर ढकलत असतील तर खाली घ्या. आणि ते टेबलाखाली जातात का पाहा. टेबलाच्या कडेला अडत असतील तर खुर्ची पुढे येत नाही, माणूस लांबून हात पसरून काम करतो आणि चूक कुठे आहे ते लक्षातही येत नाही. खाली घेता येत नसतील तर सरळ काढून टाका, प्रत्येक बाजूला दोन-तीन बोल्ट असतात आणि षटकोनी पान्याने निघतात. ज्यांना गुडघ्यामुळे उठताना हातांचा टेकू लागतो, त्यांनी मात्र ते ठेवून टेबलाच्या बाजूने तडजोड करावी.

गुळगुळीत फरशीवर खुर्ची मागे पळत असेल तर चाकं बदला. कडक प्लास्टिकची चाकं गालिच्यासाठी असतात, फरशीवर रबर चढवलेली मऊ चाकं हवीत.

कीबोर्ड आणि माऊस

कीबोर्डच्या मागचे दोन छोटे पाय उभे केलेले असतील तर आधी ते मिटवा. ते उघडले की मनगट वरच्या बाजूला वाकतं आणि मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जाणाऱ्या नसेवर दाब येतो. कीबोर्ड सपाट असावा, ट्रेवर असेल तर मागची बाजू किंचित खाली गेलेली आणखी चांगली.

अक्षरांच्या भागाचा मध्य बेंबीसमोर आणा, अख्ख्या कीबोर्डचा मध्य नव्हे. उजवीकडे आकड्यांची पाटी असल्यामुळे कीबोर्ड मधोमध ठेवला की अक्षरं डावीकडे जातात आणि धड दिवसभर किंचित वळलेलं राहतं. त्याच पाटीमुळे माऊसही हातभर लांब ढकलला जातो. आकडेमोडीचं काम फार नसेल तर आकड्यांची पाटी नसलेला कीबोर्ड घ्या, माऊस नऊ-दहा सेंमी आत येतो. उजव्या खांद्याच्या दुखण्यावर इतका स्वस्तात होणारा दुसरा बदल आम्हाला माहीत नाही. जमत असेल तर माऊस डाव्या हाताला द्या. पहिले आठ दिवस चिडचिड होते, मग हात बसतो.

माऊस मनगटाने न हलवता कोपरापासून हलवायचा. पॉइंटरचा वेग वाढवला की हालचाल आणखी लहान होते. आणि वाचत असताना हात माऊसवरून काढून मांडीवर ठेवा. न हलणारा हातही माऊसवर ताठच असतो.

मनगटाखालची जेलची पट्टी थांबल्यावर हात टेकवायला आहे. टाइप करताना तिच्यावर मनगट दाबून ठेवलं तर दाब नेमका त्या नसेवरच पडतो.

पडदा

खुर्ची आणि कीबोर्ड जागेवर आल्याशिवाय मॉनिटरला हात लावू नका, कारण खुर्ची उचलली की डोळेही तेवढेच वर जातात.

अंतर सोपं आहे. मागे टेकून हात सरळ पुढे करा, बोटांची टोकं पडद्याला लागावीत. बहुतेकांना हे ५० ते ७० सेंमी पडतं. २७ इंची किंवा मोठा पडदा थोडा आणखी मागे. इतक्या अंतरावरून अक्षरं वाचायला पुढे झुकावं लागत असेल तर पडदा जवळ ओढू नका, अक्षरं मोठी करा. १२५ टक्क्यांवर ठेवून पाहा.

उंचीत मात्र सगळ्यात जास्त चुका होतात, आणि त्या हल्ली वरच्या बाजूला होतात. मजकुराची सगळ्यात वरची ओळ डोळ्यांच्या पातळीला किंवा दोन-चार सेंमी खाली हवी, त्याहून वर नको. नजर आपोआप थोडी खाली उतरते, त्यामुळे पडद्याचा मध्य डोळ्यांपासून १५ ते २० अंश खाली आलेला सोयीचा पडतो. पडदा उंच असेल तर हनुवटी वर होते आणि मानेचा मागचा भाग चिमटतो. शिवाय पापण्या जास्त उघड्या राहिल्याने डोळ्यांचा जास्त पृष्ठभाग हवेला लागतो आणि डोळे कोरडे पडतात. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा असणाऱ्यांना हे सगळ्यात जास्त भोवतं. ते चष्म्याच्या खालच्या भागातून वाचतात, म्हणून पडद्यापुढे डोकं मागे टाकतात. त्यांनी पडदा आणखी पाच ते दहा सेंमी खाली घ्यावा आणि वरची कड मागे झुकवावी, किंवा डॉक्टरांकडून फक्त कॉम्प्युटरच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्यावा. नंबर काढायला जाताना डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर सेंटीमीटरमध्ये मोजून न्या.

दोन पडदे सारखेच वापरत असाल तर त्यांचा सांधा नाकासमोर ठेवा आणि दोन्ही पडदे आतल्या बाजूला वळवा. एकच मुख्य असेल तर तो अगदी समोर आणि दुसरा त्याला चिकटून बाजूला.

लॅपटॉपमध्ये पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले आहेत, त्यामुळे मान आणि हात यांपैकी एकाला त्रास ठरलेलाच. दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त काम असेल तर लॅपटॉप १५ ते २० सेंमी उंच स्टँडवर ठेवून कीबोर्ड आणि माऊस वेगळे जोडा. नुसता स्टँड घेऊन वरच टाइप केलं तर मान सुटते आणि खांदे अडकतात.

खिडकी बाजूला हवी, समोर किंवा पाठीमागे नको. मॉनिटर बंद करून काळ्या पडद्यात पाहा. त्यात दिवा किंवा खिडकी दिसली तर कामाच्या वेळीही ती तिथेच असते आणि ती चुकवायला मान वाकडी होते. पडद्याचा उजेड खोलीशी जुळवायला पांढरा कागद शेजारी धरा. पडदा कागदापुढे दिव्यासारखा वाटला तर उजेड कमी करा, मळकट वाटला तर वाढवा.

टेबलाखालची जागाही पाहा. सीपीयूचा खोका, वायरी, पिशव्या यांमुळे पाय वाकडे ठेवावे लागत असतील तर कंबर वळलेलीच राहणार. साधारण ६० सेंमी रुंद आणि तितकीच खोल जागा मोकळी हवी.

हालचाल

इतकं सगळं जुळवूनही तीन तास न हलता बसलं तर अंग दुखणारच. स्नायू सतत थोडेसे आखडलेले राहिले की त्यांचा रक्तपुरवठा मंदावतो. अर्ध्या तासाने एक-दोन मिनिटं उभं राहा. घड्याळाच्या गजरापेक्षा फोन आला की उठायचं, अशी सवय जास्त टिकते. फोन मान आणि खांदा यांत दाबून धरायचा नाही, इअरफोन लावा. डोळ्यांसाठी दर २० मिनिटांनी सहा मीटर लांबच्या वस्तूकडे २० सेकंद पाहा आणि पापण्या पूर्ण मिटा, कारण पडद्याकडे पाहताना पापण्या लवणं खूप कमी होतं.

खालीवर होणारं टेबल घेणार असाल तर ते सगळ्यात खाली किती जातं ते आधी विचारा. बरीच टेबलं ७० सेंमीच्या खाली उतरत नाहीत, म्हणजे बुटक्या माणसाला बसताना फूटरेस्ट लागतोच. उभं राहूनही कोपराचा नियम तोच. सुरुवातीला अर्धा तास उभं राहणं पुरे. दिवसभर उभं राहिल्याने कंबर, टाचा आणि पायांच्या शिरा वेगळ्याच तक्रारी करतात.

सगळं लावून झालं की बाजूने एक फोटो काढायला सांगा, पण लगेच नको. तासाभराने, तुमचं लक्ष कामात असताना. कान खांद्याच्या रेषेत, पाठ टेकलेली, दंड लोंबते, मनगट सरळ. जे बिघडलेलं दिसेल त्याचं माप चुकलं आहे, तुमची शिस्त नव्हे. खुर्ची दुसरं कुणी वापरत असेल तर उंचीच्या नळीवर चिकटपट्टीची खूण करा आणि बाकीचे आकडे टेबलाखाली चिकटवून ठेवा.

नवी बैठक आठ-दहा दिवस अनोळखी वाटते, स्नायूही थोडे कुरकुरतात. मात्र अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल, रात्री मुंग्यांनी जाग येत असेल, तर मनगटातली नस दबते आहे. करंगळी आणि अनामिका बधिर होत असेल तर कोपर टेबलाच्या कडेवर टेकतं का पाहा, तिथली नस दाबली गेली की असं होतं. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा हातातून वस्तू पडायला लागल्या, तर डॉक्टरांना दाखवा. कंबरदुखीसोबत पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.